फाटक लागलंय

किशनरावांनी किल्ली फिरवली. गाडी एकदा खाकरली, जरा थांबली आणि गप्प झाली. त्यांनी पुन्हा फिरवली. या खेपेला ती नुसती कण्हली. त्यानंतर तिने तेवढीही तसदी घेतली नाही.

"मी म्हणले व्हते," दारातून चांगुणाबाई म्हणाल्या. काय म्हणाल्या होत्या ते त्यांनी सांगितलं नाही आणि किशनरावांनी विचारलंही नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर विचारायची गरज उरत नाही.

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या लोकांना ऊनच आठवतं. त्यांनी एकदा जानेवारीत परभणी जिल्ह्यात यावं आणि सकाळी नळाखाली हात धरून बघावा. त्या आठवड्यात तर थंडीने कहरच केला होता. कुत्री चुलीजवळून उठत नव्हती आणि माणसं कुत्र्यांना उठवून तिथे बसत होती. अशा दिवसांत जुनी डिझेलची गाडी सकाळी उठायला कुरकुर करणार, हे किशनरावांना कळत होतं. पण आजच्या दिवशी तिने असं करायला नको होतं.

आजचा दिवस नीलमचा होता. नीलम म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, परभणीच्या एका दवाखान्यात नर्स. त्याच दवाखान्यात रक्त तपासणारा धम्मानंद तिला पसंत होता, त्याला ती पसंत होती, धम्मानंदचे वडील माणिकराव यांनाही सगळं पसंत होतं. अडलं होतं फक्त त्याच्या आईपाशी. केशरबाई ना हो म्हणत होत्या ना नाही. घर बघून मग सांगते, एवढंच त्यांचं म्हणणं. ती नवराबायको आज जालन्याहून रेल्वेने पूर्णेला उतरणार होती. धम्मानंदला ड्यूटी होती. "पप्पा, त्यांच्या आईचं मन वळलं पाहिजे," एवढं बोलून नीलम काल जी आत गेली, ती त्याच त्या साडीला पुन्हा पुन्हा इस्त्री करत बसली होती.

किशनराव शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी अंदाज बांधला की शहरातल्या बाईला आपण खेड्यातले, गरिबाघरचे वाटत असणार. यावर त्यांच्यापाशी एकच इलाज होता आणि तो अंगणात उभा होता. ती गाडी त्यांनी परभणीच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. तिचा डिझेलचा काटा आली त्या दिवसापासून अर्ध्यावर उभा होता. टाकी भरा, रिकामी करा, काटा अर्ध्यावर. किशनरावांना त्या काट्याचा मोठा आधार वाटे. गेला महिनाभर फोनवर माणिकरावांशी बोलताना त्यांनी एकही वाक्य गाडीशिवाय संपवलं नव्हतं. "रिक्षाच्या भानगडीत पडू नका. मी येतो की गाडी घेऊन. आपली घरचीच गाडी हाय," हे तर काल रात्रीच झालं होतं.

"आवं, ऑटो सांगा एखादा," चांगुणाबाई म्हणाल्या.

"गाडी म्हणलंय, गाडीच जाईल."

तेवढ्यात शेजारचे महारुद्र डोक्यावरून घोंगडी घेऊन आले. त्यांच्याकडे ट्रॅक्टर होता, त्यामुळे चाकावर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंमधलं आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत होती. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं, नाकाने वास घेतला आणि निदान केलं. "काय न्हाई गुरुजी, डिझेल गारठलंय. गरम पाणी मारा."

गरम पाणी घरात होतं. पाहुण्यांच्या हातपाय धुण्यासाठी चांगुणाबाईंनी पहाटेच चुलीवर मोठं पातेलं चढवलं होतं. ते पातेलं त्यांच्या देखत इंजिनावर रिकामं झालं. गाडीतून भरपूर वाफ निघाली. त्या वाफेत किशनरावांना क्षणभर आशा दिसली. वाफ गेली आणि आशाही गेली. किल्ली फिरवली तर गाडी आता भिजलेल्या माणसासारखी हुडहुडली आणि पुन्हा गप्प झाली.

तेवढ्यात फोन वाजला. माणिकरावांनी जयभीम घातला आणि आपण दोघं उतरून स्टेशनाबाहेर उभे असल्याचं सांगितलं. "निघालोय, रस्त्यातच हाय," किशनराव स्टिअरिंगला धरून म्हणाले. गाडी अंगणात असली तरी ते स्वतः गाडीत बसलेले होते, तेव्हा निम्मं तरी खरं होतं.

महारुद्रांनी आता पक्का इलाज काढला. त्यांच्या ट्रॅक्टरला ते हिवाळ्यात खालून शेक देत. शेकोटी पेटवायची, निखारे घमेल्यात भरायचे, घमेलं इंजिनाखाली सरकवायचं. किशनरावांचा भाचा पप्पू मदतीला होता. लग्नाचं वय उलटून चाललं तरी त्याचा उत्साह उलटला नव्हता, आणि सांगितलेलं काम तो कधी अर्धवट टाकत नसे. त्याने कापसाच्या पऱ्हाट्यांचा भारा आणून टाकला. पऱ्हाट्या दहिवराने भिजलेल्या, नुसता धूर. पप्पू गाडीच्या मागे गेला आणि डिझेलची बाटली घेऊन आला. ती ओतताच जाळ असा भडकला की अर्धी गल्ली शेकायला गोळा झाली.

"जाळ कमी पडू देऊ नको," किशनराव म्हणाले.

पप्पूने तो शब्द शिरोधार्य मानला. जाळ जरा खाली बसला की तो मागे जाई आणि भरलेली बाटली घेऊन येई. शेकणारे त्याला दुवा देत होते. किशनरावांना त्याचं कौतुक वाटलं. घरचा माणूस वेळेला उपयोगी पडतो, असं ते चांगुणाबाईंना म्हणालेसुद्धा.

इंजिन हात लावता येईना इतकं तापलं. आता किल्ली फिरवली तर गाडी जोरात घरघरली, पण घरघरतच राहिली. पेटायचं नाव नाही.

पुन्हा फोन वाजला. या खेपेला माणिकरावांनी जयभीम जरा घाईने उरकला. केशरबाईंना थंडी सोसेना, गुरुजी कुठवर आले?

जे पहिलं सुचलं ते किशनराव बोलून गेले. "फाटक लागलंय."

आपण काय बोललो ते किशनरावांना बोलून झाल्यावर उमगलं. माणिकरावांनी सगळी नोकरी रेल्वेत केली होती, आणि रेल्वेत ते गेटमन होते. सारी हयात त्यांनी फाटक लावण्यात आणि उघडण्यात घालवली होती.

"या टायमाला फाटक?" माणिकराव म्हणाले. "आमची गाडी तर कवाच गेली. म्होरून यायची ती लय लांब हाय. मंग फाटक कशापायी लागलं?"

"मालगाडी आसंल."

"आणि तुमी कवापासून उभे हाओत?"

"झाला की बराच येळ."

"मालगाडीला इतका येळ कोणी गेटमन फाटक लावून ठेवत न्हाई, गुरुजी." माणिकरावांच्या आवाजात आता दुखावलेपण होतं. प्रश्न सगळ्या गेटमन लोकांच्या इज्जतीचा होता. "थांबा, मी स्टेशनमास्तरलाच इचारतो."

"नको नको," किशनराव घाबरून म्हणाले, "उघडलं. उघडायलाच लागलंय ते."

फोन ठेवून त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. फाटक उघडलं म्हटल्यावर आता वाटेत दुसरं काही अडवायला उरलं नव्हतं. खिडकीत नीलम उभी होती. तिच्या हातात अजून इस्त्री होती.

"धक्का मारू," महारुद्र म्हणाले. "फाट्यापर्यंत उतार हाय. उतारानं मेलेलं इंजिन बी बोलतं."

सगळी शेकोटी उठून गाडीमागे लागली. किशनराव स्टिअरिंगवर बसले. गाडी अंगणातून निघाली, गल्लीतून वळली आणि उताराला लागताच तिने असा वेग घेतला की ढकलणारे मागे राहिले. किशनरावांनी गिअर टाकला. गाडीने दोन हिसके दिले, त्यांचं कपाळ काचेला लावून दिलं आणि ती उतार संपल्यावर फाट्यावर, बसथांब्यासमोर, आपसूक उभी राहिली. इंजिनातून एक शब्द नाही. घरून निघून ते आता अशा जागी आले होते की जिथून घर चढावर होतं आणि पूर्णा लांब.

मागून महारुद्र निखाऱ्यांचं घमेलं घेऊन आले. त्यांच्यामागे पऱ्हाट्या घेऊन बाकीचे. गाडी जिथे, तिथे शेकोटी, असा आता नियमच झाला होता. पप्पूने पुन्हा बाटली आणली, पण ती निम्मीच होती.

किशनराव रस्त्याकडेच्या दगडावर बसले. धोतराला काजळी, हाताला काजळी, आणि घाम पुसताना तीच तोंडाला लागलेली. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. शाळेत शेकडो पोरांना हाताळलं, पण स्वतःच्या पोरीचं एक काम आपल्याच्याने झालं नाही. ती माणसं आता उभ्याउभ्याच परत जातील. नीलम काही म्हणायची नाही, कामावर जाईल, येईल, आणि त्या घरात लग्नाचा विषय कोणी काढणार नाही. गाडीचा त्यांना एवढा राग आला की तिला लाथ मारावी वाटली. पण तेवढीही ताकद उरली नव्हती.

तेवढ्यात पूर्णेकडून एक ऑटो आला आणि थांब्यावर थांबला. त्यातून माणिकराव उतरले. मागून शालीत गुरफटलेल्या केशरबाई उतरल्या. त्यांनी किशनरावांकडे पाहिलं नाही, गाडीकडे पाहिलं नाही. दात वाजवत त्या सरळ शेकोटीपाशी गेल्या, उकिडव्या बसल्या आणि दोन्ही हात जाळावर धरले.

"जयभीम गुरुजी," माणिकराव म्हणाले. "येताना तुमचं फाटक बघितलं. उघडं हाय. गेटमनला बी इचारलं. सकाळधरनं दोन डाव लागलं म्हणला, दोन्ही डाव लगेच उघडलं."

किशनराव उठून उभे राहिले. मग महारुद्र शेजारधर्म म्हणून मध्ये पडले. गुरुजींची काही चूक नाही, थंडीने डिझेल गोठलंय, म्हणत त्यांनी पुरावा म्हणून टाकीचं झाकण उघडलं आणि आत एक लांब काडी घातली. काडी बाहेर आली ती कोरडी.

"गुरुजी," ते काडीकडे बघत म्हणाले, "हितं तर गोठायला कायबी न्हाई."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू पप्पूच्या हातातल्या बाटलीकडे गेल्या.

"तुमीच म्हणले जाळ कमी पडू देऊ नको," पप्पू म्हणाला. "मी नळी घालून काढायलो व्हतो. काटा तर अर्ध्यावर हाय की, मामा."

गाडी तापवण्यासाठी सकाळपासून गाडीचंच डिझेल जाळलं होतं. तापली चांगली, पण चालण्यासाठी काही उरलं नव्हतं. किशनरावांनी डोळे मिटले. जे व्हायचं ते झालं होतं. याहून खाली जायला जागाच नव्हती.

आणि कोणीतरी हसलं. आधी दबकं, मग शालीत तोंड घालून, मग उघडच. केशरबाई हसत होत्या. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे मी ही गाडीच शेकायलेय व्हय?"

तेवढ्यात नीलम धापा टाकत उतारावरून आली. अंगावर ती इस्त्रीची साडी, हातात चहाची किटली. पाहुणे आल्याचं कोणीतरी घरी सांगितलं होतं आणि तिला दम निघाला नव्हता. केशरबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, हाताला धरून शेजारी बसवलं आणि शालीचं एक टोक तिच्या अंगावर टाकलं.

"गुरुजी, खरं सांगते," त्या म्हणाल्या. "आमचं घर दोन खोल्यांचं. ह्यांनी दरवेळी फोन ठेवला की सांगायचं, त्यांची गाडी हाय, त्यांची गाडी हाय. मला धास्ती बसली व्हती. गाडीत फिरणारी पोर आमच्या घरात कशी नांदंल? आज तुमची गाडी स्टेशनावर आली असती तर मी न्हाई म्हणूनच सांगणार व्हते. पण तुमी तर आमच्यासारखेच निघाले."

चांगुणाबाई मागून पोचल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि या खेपेला 'मी म्हणले व्हते' असं म्हणाल्या नाहीत. किशनरावांनी उपरण्याने तोंड पुसलं, त्याने काजळी आणखी पसरली. चहा तिथेच झाला.

"चला आता घरी," केशरबाई उठत म्हणाल्या. त्यांनी शाल नीलमकडे दिली, पदर खोचला आणि गाडीमागे जाऊन डिकीला दोन्ही हात लावले. "मला म्हातारी समजू नका. चढ हाय म्हणून काय झालं, येवढी माणसं हाओत. ह्या गाडीला आपणच न्यायला पाह्यजे."

माणिकराव त्यांच्या बाजूला लागले. महारुद्र, अर्धी गल्ली, सगळे लागले. किशनराव स्टिअरिंगवर बसले तेव्हा पप्पू खिडकीपाशी आला. त्याचा चेहरा फुलला होता.

"मामा," तो हळूच म्हणाला, "चहा चालला व्हता तवाच महारुद्रकाकाच्या ट्रॅक्टरमधलं डिझेल आणून टाकलंय. डिझेलच्या नळीतली हवा बी काढली. आता किल्ली मारा, एका झटक्यात चालू व्हती का न्हाई बघा."

किशनरावांनी आरशात पाहिलं. आरशात केशरबाई होत्या, डिकीला खांदा लावून, हसत. किशनरावांनी किल्ली काढली आणि आतल्या खिशात घातली.

"थंडी लय हाय," ते म्हणाले. "आज काय ती चालू व्हत न्हाई. तू मागं जा आन् धक्का मार."