मार्जिनवाले मास्तर

लग्नाच्या पंगतीत बिराजदार मास्तर बसले की मुरूम गावातले वाढपी त्यांच्या ओळीला जायचं टाळतात. भात ताटाच्या कडेला टेकायला आला की मास्तर आडवा हात घालतात. "मार्जिन! मार्जिन सोड की, बाबा!" डाव्या बाजूला दोन बोटं, उजव्या बाजूला एक, वरखाली बेताची जागा. हे वरणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून वरण ते द्रोणात घेतात.

न्हाव्याला सांगतात, कानापाशी मार्जिन ठेव. स्कूटर लावतात ती भिंतीपासून इतकी लांब, की मधून एक म्हैस आरामात जावी. आणि जातेही. ग्रुप फोटोत ते कधी मधे उभे राहात नाहीत. फोटोवाल्यानं कितीही ओढलं तरी अगदी कडेला, निम्मे आत आणि निम्मे बाहेर. "मधे मजकूर असतो रे. आपण कडेचं माणूस," म्हणतात.

मास्तरांचा टायपिंगचा क्लास होता. बाजारपेठेत, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. मुरुमातले आणि आसपासच्या खेड्यांतले निम्मे कारकून त्या खडखडाटातून बाहेर पडले. मी त्यातलाच. पंचायत समितीतली माझी खुर्ची मास्तरांच्या फूटपट्टीची देणगी आहे. बोटांकडं नजर गेली की फूटपट्टी बसायची. "बोटाकडं बघून जेवतोस का? मग टाइप कसला करतोस?" मास्तर स्वतः खिडकीतून बाजार बघत पानंच्या पानं टाइप करायचे.

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची, टिंग! क्लास बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, पण ती घंटी मास्तरांच्या तोंडात जाऊन बसली. समोरचा माणूस लांबण लावू लागला की मास्तर शांतपणे म्हणतात, "टिंग!" म्हणजे ओळ संपली, आता दुसरं बोला. आमच्या गल्लीत आलेल्या एका उमेदवाराला त्यांनी भर भाषणात टिंग केलं होतं. बिचारा खरंच थांबला.

तर असे हे मास्तर माझे शेजारी. मधे एक भिंत, तीही अर्ध्या विटेची. त्यांच्याकडं उचकी लागली तर आम्ही इकडं पाणी पितो.

मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्काचं माहेर सीमेपलीकडचं, आळंद भागातलं. चिडली की कानडीत चिडते, आणि हसतेही कानडीतच. रोज सकाळी ओट्यावर बसून ती पेपर मोठ्यानं वाचायची. मास्तर आत दाढी करायचे आणि अक्का एकेका बातमीची साल काढायची. "पुलाचं उद्घाटन म्हणं. अय्य, पूल कुठाय? आधी पूल दाखव की रे!" आमच्या घरी पेपर येतच नव्हता. भिंतीपलीकडून मिळत होता, तोही मसाला लावून. माझी बायको सुरेखा त्याच वेळेला कणीक मळायला घ्यायची.

मागच्या वर्षी अक्काला पेपरातली मधली अक्षरं पुसट दिसू लागली. मग पुसलीच गेली. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यामागचा पडदा झिजलाय, चष्म्यानं काही होणार नाही. अक्का घरी आली आणि पेपरवाल्याला तिनंच नको म्हणून सांगितलं. "होगली बिडू," एवढंच म्हणाली. म्हणजे जाऊ द्या. त्यानंतर ती ओट्यावर नुसती बसायची. बोलताना माझ्याकडं न बघता माझ्या खांद्यापलीकडं बघायची. मला वाटायचं, मागं कुणी आलंय. मी वळून बघायचो तर तिथं आमच्या मोरीचा पाइप.

भिंतीपलीकडचा आवाज गेला. मास्तर स्वतः पेपर आणून तिला वाचून दाखवू लागले, पण त्यांचं वाचणं म्हणजे सरकारी परिपत्रक. स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचे. दोन दिवसांत अक्कानंच त्यांना टिंग केलं. खरं सांगतो, तिचा आवाज गेल्यापासून आमच्या घरातही करमेना. सुरेखा म्हणायची, "घर मुकं झालंय हो त्यांचं."

आणि अशात एका सकाळी मास्तर आले आणि म्हणाले, "दत्ता, टीव्ही घ्यायचाय. चल."

सुरेखानं लाटणं खाली ठेवलं. मास्तर जाईपर्यंत थांबली आणि मग सुरू झाली. "बायकोला दिसंना झालंय आन् ह्यांना टीव्ही सुचायलाय! लाज कशी वाटत न्हाय माणसाला?"  माझ्याकडं लॅपटॉप होता, हाच माझा गुन्हा. मास्तरांना तो हवा होता. क्लासच्या शेवटच्या दिवसांत त्यांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. त्याचा डबा अजून जिवंत होता, पण पुढचा फुगीर पडदा केव्हाच जळून गेला होता. आता त्या डब्याला टीव्ही जोडायचा होता. टीव्हीचा टीव्ही आणि कॉम्प्युटरचा पडदाही.

"कशाला, मास्तर?"

"अक्षर बघायचंय," म्हणाले. पुढं विचारलं तर टिंग.

मुरुमातल्या दुकानात पहिली परीक्षा झाली. दुकानदारानं कौतुकानं बत्तीस इंची टीव्ही लावला. पडद्यावर पोपट, धबधबे, रंगांचा नुसता चिखल. मास्तर म्हणाले, "पक्षी झाकून ठेव. दत्ता, आपलं अक्षर लाव." मी लॅपटॉप जोडला. मास्तरांनी मुद्दाम टाइप करून आणलेला मजकूर, चार बोटं उंचीच्या अक्षरांत. ते पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"मास्तर, टीव्ही लांबून बघायचा असतो," दुकानदार म्हणाला.

"तुमी लांबून बघा. आमाला जवळूनच बघायचाय. हे काय, ह्या 'ळ'ला जिना कुणी बसवला?"

खरंच, अक्षराच्या गोलाईला पायऱ्या होत्या. मी समजावलं, की हा साधा एचडी आहे, ह्यात ठिपके कमी. सिनेमाला चालतो, पण अक्षराला जवळून बघितलं की कडा फाटतात. फुल एचडी घेतला तर अक्षर गुळगुळीत येईल. दुकानदारानं लगेच त्याहून भारी, भिंतीएवढा फोर के पुढं केला. मास्तर त्याच्याकडं बघत राहिले. "हा घरात ठेवला तर आमी दोघं कुठं झोपायचं? खोक्यात?" किंमत ऐकली आणि खोक्यातही परवडणार नाही असं म्हणाले.

उमरग्याच्या दुकानात फुल एचडी मिळाला. अक्षर छान आलं. मी सुटलो म्हणून श्वास सोडला, तोच मास्तर किंचाळले, "पहिलं अक्षर कुठं गेलं?"

टीव्हीनं चारी बाजूंनी चित्र थोडं थोडं कापलं होतं. पुष्कळ टीव्ही तसं करतात. सिनेमात कुणाच्या लक्षात येत नाही, पण मास्तरांचं डावं मार्जिन गेलं होतं आणि जाताना ओळीचं पहिलं अक्षरही घेऊन गेलं होतं. आयुष्यभर ज्या माणसानं भाताला मार्जिन सोडायला लावलं, त्याचं मार्जिन एक यंत्र खातंय! मास्तर लालबुंद झाले. मी रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरलो आणि चित्राचा आकार पडद्यात बसवला. मार्जिन परत आलं. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. फूटपट्टीनंतर प्रथमच त्यांचा हात माझ्यावर प्रेमानं पडला.

पण घेतला नाहीच. कारण मग त्यांनी स्टूल मागवलं.

स्टूल टीव्हीच्या डाव्या अंगाला ठेवलं, चौकटीला कान चिकटवून बसले आणि म्हणाले, "दत्ता, ह्या कडेकडं बघ. अक्षराकडं न्हाय, माझ्याकडं न्हाय. फक्त कडेकडं. मी दिसतो का?"

"दिसता की."

"नीट सांग. कितपत?"

"कान दिसतो. मिशी असावी बहुतेक."

"असावी? मिशी नीट दिसाया पाहिजे! चौकट लई रुंद हाय ह्याची. मी लांब पडतो." आणि उठले. दुकानदारानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाव्हणं बरे हायत न्हवं?" मी म्हणालो, "आजपर्यंत होते."

शेवटी एसटीनं धाराशिव गाठलं. तिथं एका दुकानात शोकेसला लावलेला एक बत्तीस इंची फुल एचडी होता. चौकट बोटाएवढी बारीक. पाठीला ओरखडा होता म्हणून भाव उतरवलेला. अक्षर स्वच्छ आलं. मार्जिन त्यानंही खाल्लं, पण तो रोग मला आता बरा करता येत होता. स्टूल आलं. मी कडेकडं बघितलं.

"मी दिसतो?"

"दिसता. कान, मिशी, चष्मा, सगळं."

"आन् अक्षर?"

"तेही."

"पास!" मास्तर एवढ्यानं ओरडले, की दुकानातलं एक लहान पोरगं आईच्या मागं लपलं. टीव्ही विकताना दुकानदार काय काय सांगू लागला होता, हजार वाहिन्या, बोलून चालणारं रिमोट, मास्तरांनी त्याला टिंग केलं आणि पैसे काढले.

परतीच्या बसमध्ये खोकं मांडीवर. शेजारी चिकटून बसणाऱ्या बाईला "जरा मार्जिन" असं म्हणून त्यांनी तिचे दोन शब्द ऐकले. जुन्या डब्याची पिन जाड आणि टीव्हीचं भोक चपटं निघालं, म्हणून मधे लावायला एक छोटी डबी आणावी लागली. मी सगळं जोडून दिलं आणि घरी आलो. सुरेखा मास्तरांवरचा राग माझ्यावर काढून मोकळी झाली.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच भिंतीवर थापा पडल्या. "दत्ता! लाइट जाऊन आली आन् ह्यानं परत मार्जिन खाल्लं! पळ!"

गेलो. आतल्या खोलीत टीव्ही टेबलावर होता आणि त्याच्या डाव्या चौकटीवर, बरोबर मधोमध, ठसठशीत लाल टिकली लावलेली. मला हसू आलं. "मास्तर, टीव्हीला सवाष्ण केलंत की काय?"

"माझी हाय ती," अक्का म्हणाली. ती पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसली होती. "ज्याच्याकडं बघते तेच पुसून जातंय बघ, दत्ता. त्याच्या शेजारचं मात्र राहतंय. मग म्या काय करते, अक्षराकडं बघतच न्हाय. ह्या टिकलीकडं बघते. अक्षर आपलं आपण दिसतंय, कडेनं."

माझ्या हातातलं रिमोट तसंच राहिलं. वर्षभर ती माझ्या खांद्यापलीकडं का बघत होती, ते तेव्हा कळलं. ती मलाच बघत होती.

मी मार्जिन नीट केलं. मास्तर टीव्हीच्या डाव्या अंगाला स्टुलावर जाऊन बसले, चौकटीला कान लावून. मांडीवर कीबोर्ड, गुडघ्यावर आजचा पेपर. तिथून पडदा त्यांना दिसत नव्हता आणि बोटांकडं बघायची तर त्यांना सवयच नव्हती. चार बोटं उंच अक्षरं पडद्यावर उमटू लागली. मास्तरांनी विचारलं, "पहिलं अक्षर हाय का गं?"

"हाय हाय. हाणा पुढं." अक्का टिकलीवर नजर रोखून एकेक शब्द उचलू लागली. "कांद्याचे... भाव... पुन्हा..."

"टिंग!" मास्तर म्हणाले आणि दुसरी ओळ आली.

"कोसळले." अक्का थांबली.  मग ती जुन्या आवाजात म्हणाली, "अय्य! ही काय बातमी झाली? पुन्हा म्हणं! आधी चढले कवा होते, ते छाप की मेल्या!"

भिंतीपलीकडं आमच्या परातीचा आवाज बंद पडला. सुरेखा कणीक मळता मळता थांबली होती. मला नाक ओढल्यासारखं ऐकू आलं.

मी निघालो, पण ते स्टूल माझ्या डोक्यातून जाईना. टाइप करायला टेबल होतं, चांगली खुर्ची होती. दारातून मागं वळून विचारलंच, "मास्तर, तिथं कोपऱ्यात अंग चोरून कशाला बसता? इकडं समोर बसा की अक्काच्या."

 अक्काच बोलली, टिकलीवरची नजर न हलवता. "समोर बसले की जातात. वरीस झालं, ह्यांचं तोंड धड बघितलं न्हवतं म्या. बघाया जावं तर तिथं नुसता डाग. आता टिकलीच्या एका अंगाला बातमी आन् एका अंगाला हे." आणि लाजल्यासारखी हसली. "मिशी पांढरी केलीत म्हणं. मला सांगितलं न्हाय."

"टिंग," मास्तर म्हणाले.  त्यांनी पेपरात डोकं घातलं आणि बोटं चालू केली. मी उगाचच, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पण मास्तर, अक्का तर टिकलीकडं बघतीय. तुमच्याकडं बघतच न्हाय."

"व्हय," मास्तर म्हणाले. "ती माझ्याकडं बघत न्हाय, तवाच मी दिसतो तिला. म्हणून तर मार्जिनात बसलोय."

"गप्पा नंतर," अक्का म्हणाली. "दूधवाल्यांच्या संपाचं काय झालं, ते टाका."