दीड मिनिटाचा मामा

अभिनय माझ्या रक्तातच आहे! त्यामुळे भाचीच्या शिक्षिकेने "मुलाखतीचा एक व्हिडिओ हवाय" म्हटल्याबरोबर मी बाह्या सरसावल्या.

भाची बावीस वर्षांची, ऑटिस्टिक. पुस्तकं क्रमाने लावण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. पण आधीच्या दोन मुलाखतींत उठायचं कधी हेच न कळल्यामुळे ती बसूनच राहिली आणि दोन्ही नोकऱ्या हुकल्या. वाचनालयातली ही तिसरी. ही तरी हातची जाऊ नये म्हणून आम्ही सगळे देव पाण्यात घालून बसलो होतो.

"जे करायचं तेवढंच दाखवा," शिक्षिका म्हणाल्या. "ती बघून तस्संच करते. जास्तीचं काही नको."

"बाई, तुम्ही काळजीच सोडा!"

ताईला साहेबीण करून खुर्चीत बसवलं आणि तिच्या टेबलावर फोन उभा केला. मी आत आलो, नमस्कार केला, उत्तरं दिली, "बरं, येतो!" म्हणून रुबाबात बाहेर पडलो. मग परत आत आलो, टेबलावर वाकलो, "हं, झालं एकदाचं!" म्हणत फोन बंद केला. दीड मिनिटात काम फत्ते! भाचीने तो व्हिडिओ चाळीस वेळा पाहिला.

मुलाखतीच्या दिवशी मी काचेच्या दाराबाहेर उभा. भाचीने नमस्कार केला, उत्तरं दिली, "बरं, येते!" म्हणून उठली आणि बाहेर आली. वेळेवर उठली! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात ती गर्रकन वळली, पुन्हा आत गेली, ग्रंथपालबाईंच्या टेबलावर वाकली, "हं, झालं एकदाचं!" म्हणाली आणि त्यांच्या कॉम्प्युटरचं बटण दाबून मोकळी झाली.

"अगं, माझी सकाळपासूनची यादी!" बाई किंचाळल्या.

मी आत धावलो. "अगं, परत कशाला गेलीस?"

"येते म्हटलं ना," भाची शांतपणे म्हणाली. "तूपण आला होतास. मग बंद केलंस."

तिसरीही नोकरी गेली, आणि तीही माझ्यापायी! मी बाईंना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

"मागच्या वर्षी तिघांना कामावर घेतलं," त्या म्हणाल्या. "तिघंही 'येतो' म्हणून गेले, ते अजून यायचेत! ही दोन मिनिटांत आली. सोमवारपासून ये गं."

"किती वाजता?"

"साडेनऊला. आणि मामांना आत आणू नकोस."

भाची सांगितलेलं तंतोतंत पाळते. आज तिसरा महिना चाललाय, पण मला पुस्तक बदलायलासुद्धा आत सोडत नाही!