दाताचा ठसा स्पष्ट दिसावा

आखातात अल खौदला राहणाऱ्या गणपत मेस्त्रीच्या घरी दर शुक्रवारी मटणाचे चाप होत आणि ते बोट लावताच हाडावरून सुटत. २०१६ पर्यंत ही बाब कोणालाही आक्षेपार्ह वाटली नव्हती. त्याच्या बायकोच्या, गिरिजाच्या हाताला चवच अशी होती की ताटात फक्त हाडं उरत, तीही कोरडी.

त्या जानेवारीत तिथल्या मराठी मंडळाने बार्बेक्यू स्पर्धा जाहीर केली आणि गणपतने लगेच नाव दिलं. सचिव अनुपसरांनी थेट अमेरिकेतले नियम मिळवले आणि शुद्ध मराठीच्या ठरावाला अनुसरून त्यांचं भाषांतर केलं. कलम चार होतं : 'प्रत्येक स्पर्धकाने आपल्या सहा बरगड्या बंद पेटीत परीक्षकांपुढे सादर कराव्यात.'

"अहो, सहा काढल्यावर तुमच्यात राहील काय?" गिरिजाने विचारलं.

दोन दिवसांनी शुद्धिपत्रक आलं : 'बरगड्या बोकडाच्या असाव्यात. बोकडाने व्यक्तिशः हजर राहण्याची आवश्यकता नाही.'

कलम सात मात्र कायम राहिलं. मांस हाडावरून आपोआप सुटलं तर ते अतिशिजलेलं, म्हणजे बाद. चावलेल्या जागी दाताचा ठसा स्पष्ट दिसायला हवा.

"म्हणजे कच्चं ठेवायचं?"

"कच्चं नाही गो, स्पर्धेचं. घरचं वेगळं, स्पर्धेचं वेगळं."

गणपत इतका हट्टाला पेटला, त्याला कारण होतं. तो एसीचा मेकॅनिक. दहा वर्षं मंडळाच्या हॉलमधला एसी त्यानेच चालू ठेवला होता, पण स्टेजवर त्याला बोलावत ते शिडी घेऊन. एकदा तरी माइकवरून आपलं नाव पुकारलं जावं आणि तेव्हा हातात पाना नसावा, एवढंच त्याला हवं होतं. बिचाऱ्याने फार काही मागितलं नव्हतं.

सरावासाठी गिरिजाचा कुकर निलंबित करण्यात आला. तीन शुक्रवार गणपत गच्चीवर कोळसे फुलवत बसला. निकाल परीक्षकांच्या एकाच घासावर लागणार, म्हणून तिखट, मध, चिंच, जे काही होतं ते सगळं त्याने त्या एका घासात कोंबलं. पुढचे घास कोणी खायचे याबद्दल नियमांत काहीच नव्हतं. ते घरच्यांनी खाल्ले.

"बाबा, हा मटण मला लीव्ह करत नाही," अर्धा तास एकाच तुकड्याशी झटल्यावर त्याची मुलगी यशश्री म्हणाली.

गणपतने वहीत लिहिलं, 'चिकटपणा : उत्तम.'

स्पर्धा अल मवालेहजवळच्या एका बागेत भरली. तिन्ही परीक्षकांना बोलायची मनाई होती. मुख्य परीक्षक ओमप्रकाशसाहेबांनी गणपतचा चाप उचलला, चावला आणि ओढला. चाप बाहेर आला. सोबत साहेबांचा पुढचा नकली दातही आला, मांसात ताठ रुतलेला. नियमामुळे साहेब ओरडलेही नाहीत.

समितीची तातडीची बैठक झाली. इतिवृत्तात नोंद झाली : 'दाताचा ठसा अपेक्षित होता. येथे दात व्यक्तिशः हजर आहे. सबब पूर्ण गुण.'

माइकवरून नाव आलं. गणपत स्टेजवर गेला आणि सवयीने त्याने एकदा वर एसीकडे बघायला मान उचलली. वर नुसतं आभाळ होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते धुराने नव्हे.

इकडे झाडाखाली गिरिजाने यशश्रीसाठी आणलेला घरच्या मऊ चापांचा डबा उघडला. वास सुटला. सकाळपासून एकेका घासावर असलेले परीक्षक आधी आले, मग समिती आली.

"वहिनी, यल्ला, चला, अजून एक द्या," ओमप्रकाशसाहेब पुढचा दात गेलेल्या तोंडाने म्हणाले. "याला दातच लागत नाहीत."

"हे ऑफ द रेकॉर्ड बरं का," बोटं चाटत अनुपसर म्हणाले. "कलम सातमध्ये हे सरळ बाद आहे."

गणपत प्रमाणपत्र घेऊन पोचला तेव्हा डबा खलास झाला होता. गिरिजाने उरलेल्या पाच चापांची पेटी त्याच्यापुढे ठेवली.

"बसा. पहिल्या नंबरचं आहे."

गणपत बसला. बराच वेळ चावत बसला.

ते प्रमाणपत्र आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत एसीखाली टांगलेलं आहे. तुमच्याही भिंतीवर एखादं असेलच. ते मिळेपर्यंत घरच्यांनी काय काय चावलं, हे त्यांना एकदा विचारून बघा.