चार मिनिटांचा उशीर

पालक संघाच्या निरीक्षण वहीत विद्याधर आगाश्यांनी सलग नवव्या दिवशी लिहिले, 'रत्नाबाईंचा पहिला तास चार मिनिटे उशिरा सुरू.' आगाशे विमान कारखान्यात तपासणी खात्यात होते. सुटा भाग सूतभर कमी भरला तरी ते परत पाठवीत. शाळा सुधारायची तर हीच पद्धत हवी, असे त्यांचे मत होते. त्यांची क्षमा तिसरीत होती. बायको जाऊन वर्ष झाले होते. ती होती तोवर मुलगी कितवीत आहे हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

बंगळूरच्या त्या मराठी शाळेला खोली एक आणि बाई एक. चार इयत्तांची एक्केचाळीस मुले रत्नाबाई एकट्या सांभाळत. दुसरा शिक्षक मिळावा म्हणून त्यांनी तीन वर्षे अर्ज केले, तेव्हा कुठे शनिवारी इन्स्पेक्टर येणार असल्याचे पत्र आले.

"मग सगळे पालक हजर पाहिजेत," संघाचे अध्यक्ष हणमंतराव म्हणाले. "आपली कळकळ दिसायला नको?"

"कळकळ दिसेल अण्णा, पण मुलं बसतील कुठं?"

"स्वल्प सांभाळून घ्या, बाई."

शनिवारी तेवीस वडील आले. पहिली-दुसरी व्हरांड्यात गेली. मग व्हरांडा वडिलांच्या चपलांनी आणि छत्र्यांनी भरला, म्हणून सगळी शाळाच करंजाच्या झाडाखाली गेली. आत मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेल्या वडिलांनी विषय घेतला : हार कोणी घालायचा?

"अध्यक्ष मी आहे!"

"पत्रव्यवहार मी केलाय!" आगाशे म्हणाले.

दोघांनी हाराची दोन टोके धरली. बाकीचे दोन बाजूंनी ओरडू लागले. इन्स्पेक्टर दारात आले ते नेमके तेव्हा. फळ्यावर पहिलीसाठी लिहिलेले अ आ इ ई, समोर दाटीवाटीने बसलेले बाप्ये, आणि पुढे हार ओढणारे दोघे. इन्स्पेक्टरांना मराठी येत नव्हते. ते पाऊल न वाजवता मागे फिरले आणि झाडाखाली गेले. तिथे चारही इयत्ता मुकाट्याने आपापले काम करीत होत्या.

"आत कोण आहेत?" त्यांनी कानडीत विचारले.

"मुलांचे वडील," रत्नाबाई म्हणाल्या.

"शिकायला येतात?"

"येतात. अजून काही शिकले नाहीत."

पंधरा दिवसांनी हुकूम आला. आगाश्यांनी तो संघापुढे मोठ्याने वाचला. "'मुलांसाठी सध्याच्या बाई पुरेशा आहेत. प्रौढ निरक्षरांच्या वर्गाला मात्र शिक्षकाची नितांत गरज आहे. एक जागा मंजूर. वर्ग संध्याकाळी भरवावा.'" सोबत तेवीस जणांच्या अंगठ्याच्या ठशांसाठी कोरा तक्ता होता.

"अपमान आहे हा!" हणमंतराव उसळले. "परत पाठवा!"

"पाठवा," रत्नाबाई म्हणाल्या. "तुम्ही संध्याकाळी हजेरी लावली असती, तर सकाळी मोकळ्या असलेल्या त्या मास्तरांना मी मुलांपुढं उभं केलं असतं. पण राहू द्या. मी अजून तीन वर्षं अर्ज करते. माझा तासही उशिरा होत राहील."

"तो का होतो, ते तरी सांगा," आगाश्यांनी वहीवर बोट ठेवले.

"तुमच्या क्षमाची वेणी रोज सोडून नव्यानं घालते मी. तुम्ही घातलेली प्रार्थनेपर्यंतसुद्धा टिकत नाही. केस डोळ्यांवर आले की पोरीला फळा दिसत नाही."

बी.ई. झालेल्या आगाश्यांनी शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि तक्त्यावर पहिला ठसा उमटवला. मग बाकीचेही उठले. हणमंतरावांनी सगळ्यांत शेवटी, भिंतीकडे तोंड करून.

नवे बसवंत मास्तर आले. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारले, "काय शिकायचंय?" तेवीसजण एकमेकांकडे बघत राहिले. आगाश्यांनी खिशातून क्षमाच्या तीन रिबिनी काढल्या. मास्तरांनी त्या बघून रत्नाबाईंना हाक मारली.

आठवड्याने वहीत आगाश्यांनी लिहिले, 'आज पहिला तास वेळेवर सुरू.'

हणमंतरावांनी ते वाचले आणि वही मिटून काखेत मारली.

"बघितलंत? संघानं पाठपुरावा केला, म्हणून बाई सुधारल्या!"