आण्णा बसत नाहीत

आण्णा चौगुल्यांना बसलेलं आमच्या मंगळवार पेठेत कुणी पाहिलं नव्हतं. पंपाच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान, तिथं उभे. चहाला उभे. लग्नात पंगत मांडली की हे बुंदीचं ताट घेऊन वाढायला तयार. दाढीसुद्धा उभ्यानं करून घ्यायचे आणि आण्णा ताडमाड उंच असल्यामुळं न्हावी बिचारा स्टुलावर चढायचा. ‘बसा की’ म्हटलं तर उत्तर ठरलेलं, “बसून काय अंडी उबवायची हाईत व्हय?”

नुसतं उभं राहणंही त्यांना जमायचं नाही. सारख्या येरझाऱ्या आणि हातात दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळतोय. मी त्यांचा शेजारी, कॉलेजात कॉमर्स शिकवणारा, शांततेचा भुकेला माणूस. त्या खुळखुळाटानं माझं डोकं उठायचं.

दोन हजार सालाच्या सुमारास मी घरी कॉम्प्युटर आणला. तेव्हा संगणकाच्या मासिकाबरोबर एक सीडी फुकट यायची आणि तिच्यात खेळांचे डेमो असायचे. डेमो म्हणजे निव्वळ चव. पहिला टप्पा खेळू द्यायचा आणि ऐन रंगात पडदा काळा करायचा. पुढचं हवं तर अख्खा खेळ विकत घ्या.

आण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचे आणि मग अख्खी संध्याकाळ त्यांना खायला उठायची. अशाच एका संध्याकाळी किल्ल्या वाजवत आत आले. “काय लावलंय, मास्तर?”

पडद्यावर तांबडा ग्रह होता. यान कोसळलेलं, हातात भलीमोठी बंदूक घेतलेला एक शिपाई आणि त्याच्या मागून लंगडत येणारी त्याची जखमी सोबतीण. मी उठून कीबोर्ड आण्णांच्या पुढ्यात सरकवला. तेवढ्यात खडकाआडून आठ पायांचा एक प्राणी आला.

“मारा, आण्णा! गोळी घाला!”

“का? काय केलंय त्यानं?”

“खाईल तुम्हाला!”

“आवो, त्येच्या रानात आपण शिरलोय. पावणं आपण हाय. पावण्यानं बंदूक काढायची व्हय?”

प्राण्यानं पावण्याला खाल्लं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खाल्लं. मग आण्णांनी आपली युक्ती काढली. पळायचं. ज्या खेळात दिसेल त्याला गोळी घालायची, तो खेळ आण्णा एकही गोळी न झाडता खेळू लागले, तेही उभ्यानं, कीबोर्डवर वाकून. मधेच थांबून मागं बघायचे. “ये बाई, ये. पाय दुखतोय व्हय? ये सावकाश.” मागून प्राण्यांची झुंड येतेय, मी बोंबलतोय आणि हे वाट बघत उभे!

पुढं यानातला दवाखाना लागायचा. ती बाई आत जायची, दार बंद व्हायचं आणि दारावर लाल दिवा लागायचा. शिपायानं मग लिफ्टनं वर जायचं, की डेमो संपला. आण्णा लिफ्टकडं फिरकेनात.

“ही भाईर कवा येनार?”

“डेमोत नाही येत. चला तुम्ही पुढं.”

“हिला टाकून?”

आणि त्या दारासमोर शिपायाच्या येरझाऱ्या सुरू व्हायच्या. पडद्यावर तो, खोलीत हे. शेवटी प्राणी येऊन खेळ आटपायचे. दुसऱ्या दिवशी आण्णा हजर, पुन्हा तेच दार. असं कितीतरी दिवस चाललं. एका संध्याकाळी मात्र माझा तोल सुटला.

“अहो, चित्र आहे ते! दोन मिनिटं बसा तरी एका जागी!”

त्यांच्या त्या ठरलेल्या अंड्यांची वाट बघत होतो. ती आली नाहीत. किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

“मिरजेच्या दवाखान्यात असंच दार हुतं, मास्तर. वर लाल दिवा. हिला आत नेलं. नर्सबाई म्हनाली, बसा बाकड्यावर, लागलं तर हाक मारते. बसलो. लई दमलो हुतो, डोळा लागला. आत हिनं इचारलं म्हनं, ‘भाईरच हाईत न्हवं?’ नर्सनं हाक मारली म्हनं. मला ऐकूच आली न्हाय. जाग आली तवा दिवा इझलेला.”

आण्णांच्या बायकोला, पद्मावहिनींना, जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या गेल्या एवढं सगळ्या पेठेला ठाऊक होतं. हे बाकड्याचं कुणालाच माहीत नव्हतं. मला माझ्या ओरडण्याची फार लाज वाटली.

मी पुण्याहून अख्खा खेळ मागवला. लावला आणि आण्णांना हाक मारली. तोच ग्रह, तीच पळापळ, तेच दार. आण्णा उभे. किल्ल्या जोरजोरात वाजत होत्या. एकाएकी लाल दिवा हिरवा झाला. दार सरकलं आणि ती बाई बाहेर आली, न लंगडता, आणि इंग्रजीत भराभरा काहीतरी बोलली.

आण्णांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. “काय म्हनती?”

काडतुसं संपत आलीत, लवकर निघ, असं काहीसं ती म्हणत होती.

“‘भाईरच हाईत न्हवं?’ म्हणते,” मी म्हणालो.

“हाय की,” आण्णा पडद्याला म्हणाले. “हितंच हाय.”

आणि ते बसले. माझ्या खुर्चीत, पाठ टेकून, किल्ल्या मांडीवर ठेवून. थोड्या वेळानं मागून ते प्राणी आले आणि दोघांनाही खाऊन गेले. कीबोर्डला आम्ही कुणीच हात लावला नाही.