डाव्या पोटरीतला थांबा

दामोदर खरमाटे यांच्या रक्ताने सोमवारी सकाळी डाव्या पोटरीत थांबून पुढे जायला साफ नकार दिला. खरमाटे निवृत्त एसटी कंडक्टर. विषाणूच्या तापाने अतिदक्षता विभागात बेशुद्ध होते. अशा तापात रक्ताच्या गाठी होतात हे डॉ. रेवती शेंडगेंना ठाऊक होतं. त्यांनी पोटरीला स्टेथोस्कोप लावून रीतसर विचारणा केली.

"का थांबलात?"

"बेल झाली," रक्त म्हणालं. "एक बेल म्हणजे थांबा."

डॉक्टरांनी रक्त पातळ करायचं औषध वाढवलं.

"औषध मिळालं, आभारी आहोत," रक्ताने कळवलं. "पण बेलशिवाय निघणं नियमात बसत नाही."

दुपारपर्यंत गाठ मांडीपर्यंत आली. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर माणूस हाती लागणार नव्हता. डॉक्टरांनी हे आणि रक्ताचं बेलचं म्हणणं खरमाट्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, स्पष्ट सांगितलं. तेवढ्यात खाटेजवळचा सलाइनचा पंप एकदा वाजला.

"आवं डॉक्टरबाई, ह्योच मेला सारखी एक बेल देतोय! यांना निघायला दोन लागत्यात. घरात ताटावर चमचा दोनदा वाजवल्याबिगर जेवणावरनं उठत न्हाईत."

डॉक्टरांनी पंप बंद करून दुसरा मागवला आणि केसपेपरवर लिहिलं : डबल बेल, तातडीने. बाईंनी डब्यातला चमचा काढून सलाइनच्या स्टँडवर दोनदा मारला.

"बेल देणाऱ्याचा बिल्ला नंबर?" रक्ताने विचारलं.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोपमधून ऐकलेला प्रश्न बाईंना सांगितला. तो ऐकताच बाई ताठ उभ्या राहिल्या.

"सत्तावीस हजार एकशे चार! एकतीस वर्षं रोज चिंचेनं घासलाय म्या त्यो बिल्ला. मला नंबर विचारतंय व्हय!"

"बरोबर आहे," रक्त म्हणालं.

मग गाठीतले सगळे रक्तकण आपापल्या जागी सुटे सुटे बसले आणि निघाले. मांडी मोकळी झाली, पोटरीची सूज उतरली, पायाचा गार पडलेला अंगठा गरम झाला. अनसूयाबाई रडल्या आणि रडतारडताच हसल्या. शेंडगेंनी तर चक्क टाळ्या वाजवल्या.

खरमाट्यांनी डोळे उघडले. ऑक्सिजनच्या मास्कमधून ते घोगऱ्या आवाजात ओरडले, "चला, पुढं सरका, पुढं सरका!"

शेजारच्या दोन्ही खाटांवरच्या रुग्णांचं थांबलेलं रक्तही पुढे सरकलं.