मोतीरामजींची आठची गोळी

प्रत्येक आजाराला एकच कारण असावं आणि त्या कारणावर एकच गोळी असावी, ही कोणत्याही सुसंस्कृत कुटुंबाची किमान अपेक्षा असते. सौंसरचे वीज खात्यातले निवृत्त लाइनमन मोतीरामजी, म्हणजे घरच्यांचे बाबूजी, यांचं कुटुंब फारच सुसंस्कृत होतं.

बाबूजींना अल्झायमर आहे हे नागपूरच्या दवाखान्यात कळलं तेव्हा घर हादरलं, आणि गोळी मिळताच सावरलं. मुलगा गौतमने मोबाईलमध्ये सकाळी आठचा अलार्म लावला, सून रजनीने फ्रिजवर तक्ता चिकटवला. "बाबूजी, गोळी घेतली काय?" असं रोज न चुकता विचारलं जाई. (दुसऱ्या प्रश्नाची तरतूद तक्त्यात नव्हती.) दोन वर्षांत गोळ्या सातशे तीस, चुका शून्य. याच काळात बाबूजींशी इतर विषयांवर झालेल्या गप्पा चार. त्यातल्या दोन त्यांनी टीव्हीशी मारल्या होत्या. शुगर वाढलेली, झोप उडालेली, कानाची मशीन कपाटात. पण हे सगळं गोळीच्याच अखत्यारीत येतं, असं घराने एकमताने मानलं होतं.

मार्चमधल्या एका दुपारी बाबूजी नाहीसे झाले. सापडले शेजारच्या बोरगावला. विजेच्या खांबाला मिठी मारून त्यांनी एक पाय वर टाकला होता. शेतातून परतणाऱ्या शकुंतलाबाईंनी मागून त्यांचा सदरा घट्ट धरला.

"लाइन चालू हाय जी, उतरा खाली," त्या कानाशी जाऊन म्हणाल्या.

"तेच तं बंद करून राहिलो," बाबूजी शांतपणे म्हणाले.

गौतमने त्यांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन नागपूरला गेला, गोळीची तक्रार करायला.

डॉक्टर सुचिता मॅडमनी आधी, कपाटातून सोबत आणलेल्या कानाच्या मशीनमध्ये नवी बॅटरी टाकून ती बाबूजींच्या कानात बसवली. मग म्हणाल्या, "गोळी तिचं काम करते, पण ते थोडंच आहे. मेंदूत एकाच वेळी बरंच काही बिघडतं. कुठे गाळ साचतो, कुठे सूज येते, कुठे रक्त नीट पोचत नाही. त्यात यांना शुगर, झोप नाही, ऐकू येत नाही, बोलायला कोणी नाही. गोळी यातली एकच वाट अडवते. ती चालू ठेवा, पण बाकीचंही बघा."

गौतमने विचारपूर्वक विचारलं, "मॅडम, त्या बाकीच्यासाठी पण एकच गोळी नाही भेटत काय?"

"गावात डीपी जळली," बाबूजी मध्येच बोलले, "तार तुटली, खांब वाकला. अन् तू एक फ्यूज बदलून घरी चालला काय रे?"

दोन वर्षांत गौतमने वडिलांचं इतकं लांब बोलणं ऐकलं नव्हतं.

आता शुगर तपासली जाते, मशीन कानातच असते, आणि नात प्रणाली संध्याकाळी त्यांना फिरायला नेते. बाबूजी बरे झालेले नाहीत. प्रणालीला कधी रजनी म्हणतात, कधी 'साहेब'. पण कोणत्या खांबावरून कोणाच्या घरी तार गेली हे ते सांगतात, आणि ती ऐकते.

गोळीचं नाव मात्र या कथेत द्यायचं राहून गेलं. आपल्या घरात कोणी विसरू लागलं असेल, तर आपण इथवर तेवढंच शोधत आला असाल.